पनवेलहून फोन आला की

"कांद्याला वेळ नाय लागत गो, वेळ लागतो माणसाला," असं म्हणत भाभी विळीवर बसायची. सोललेला पांढरा कांदा आधी तळहातावर घ्यायची, अंगठ्याने दाबून बघायची, आणि पसंत पडला तरच पात्याला लावायची. मुलीला स्थळ बघतानासुद्धा तिने एवढी पारख केली नसेल.

भाभी म्हणजे आमची मागची शेजारीण. रोह्यात आमची आळी आणि त्यांचा मोहल्ला पाठीला पाठ लावून आहेत. मध्ये एक बोळ, आणि त्या बोळात आम्हा दोघींच्या मागच्या पायऱ्या समोरासमोर. मी पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जाते. सीझनमध्ये संध्याकाळी एसटीतून उतरले की घरात शिरायच्या आधी त्या पायरीवर टेकायचं, हा माझा नेम. समोरच्या पायरीवर भाभी असायचीच. नखांतला रंग बघून विचारायची, "आज पीतांबर वाटतं?"

तिचा नवरा, आमचे भाई, लग्न झाल्यापासून सौदीला. दोन वर्षांनी एकदा सुट्टीवर यायचे, बहुतेक थंडीत. तेव्हा आमचं रंगकाम थंडावलेलं असतं, म्हणून पुढचं सगळं मी घरी बसून डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

अलिबागकडून आणलेल्या कांद्याच्या माळेतले शेवटचे चार-पाच कांदे भाभी भाईंसाठी राखून ठेवायची. कृती म्हणाल तर काहीच नाही. कांदा उभा पातळ चिरायचा, मीठ लावून हलक्या हाताने चुरायचा, वर कोकमाचं आगळ, एक मिरची मधोमध चिरून, चिमूटभर साखर, झाकण. पांढरा कांदा हळूहळू गुलाबी होत जातो. ताटात पडताना तो आंबटही हवा आणि करकरीतही हवा. उशीर झाला की मऊ पडतो. सिरका तिला चालायचा नाही, तो हॉटेलवाल्यांचा.

विमानतळावरून निघालेले भाई पनवेलला चहाला थांबायचे आणि तिथून घरी फोन करायचे. फोन ठेवला की भाभी विळी पुढ्यात ओढायची. त्याच्या आधी कांद्याला हात नाही. गाडी पनवेलहून रोह्याला येईपर्यंत कांदा मुरायचा, भाई हात-तोंड धुऊन बसायचे आणि झाकण निघायचं. भाई पहिल्या घासाला डोळे मिटायचे. तेवढ्यावर भाभीची दोन वर्षं निघायची.

एकदा वडखळला गाड्या अडकल्या. पहिला कांदा मऊ पडला, तो आमच्याकडे आला. भाभीने दुसरा चिरला, तोही पडला, तो पलीकडच्या घरी गेला. तिसऱ्याच्या वेळी ती चिडली ती भाईंवर नाही, रस्त्यावर. "हा रस्ता व्हईल तेव्हा आमचा माणूस कायमचा घरी येल," म्हणाली. आम्ही हसलो. रस्त्याचं काम आम्ही लग्न होऊन आल्यापासून बघतोय, तेव्हा हसू येणारच.

पण तिला हवं होतं ते तेवढंच. भाईंनी कायमचं घरी यावं. दर वेळी ते सांगायचे, हे शेवटचं कॉन्ट्रॅक्ट. मग बहिणीचं लग्न निघायचं, मग घराचा स्लॅब, मग मुलींची लग्नं. मला खरं तर भाईंचा राग यायचा. माणूस वाईट नव्हता, पण राग यायचा. सासऱ्यांचं अंथरूण, सासूचा मोतीबिंदू, दोन मुली, सगळं हिने एकटीने ओढलं होतं.

आमच्याकडे कुणी परगावी निघालं की हातावर दही देतात. मी एकदा भाई निघताना वाटी घेऊन गेले, तर भाभी दारात मला हळूच म्हणाली, "तू दे, तुमच्यात देतात. मी काय देत नाय. दिलं की तो चालला ते मला पटलं असं व्हईल."

एकदा सीझनमध्ये मी फार दमून आले होते. पायरीवर बसल्या बसल्या रडू आलं. भाभीने पाणी आणून दिलं. मी विचारलं, "तू कशी दमत नाहीस गं?" ती म्हणाली, "दमायला समोर माणूस लागतो. तुझा हाय, तू दम."

गेल्या वर्षी भाई खरंच कायमचे आले. सामानाच्या पेट्या बोळातून आत गेल्या, गुलाबी कांदा झाला, भाईंनी डोळे मिटले. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत भाभी आडवी झाली. आधी दुपारची झोपायला लागली, मग सकाळचीही उठेना. डॉक्टर म्हणाले, हृदय पुष्कळ दिवसांपासून थकलेलं आहे, इतके दिवस कळलं कसं नाही. मी उशाशी बसले होते. ती माझ्याकडे बघून हसली. "आता दमते," म्हणाली. पाऊस सरायच्या आत गेली. मी त्या दिवशी पेणला होते, मूर्तीचा हिरवा शेला रंगवत होते. परत आले तेव्हा पायरी रिकामी होती. अजून एसटीतून उतरले की माझे पाय आधी तिकडेच वळतात.

थंडीत एका रविवारी भाई मागच्या दाराशी आले. हातात वाडगा. "ताई, हा कांदा बघा की. तीन वेळा केला, तसा होत नाय." मी चाखला. मीठ, आगळ, मिरची, सगळं बरोबर होतं. कांदा मात्र मऊ. मी विचारलं, कधी केलात? म्हणाले, सकाळी. ती करून ठेवायची ना, घरात नेहमी असायचा.

"नेहमी नसायचा, भाई. पनवेलहून तुमचा फोन आला की चिरायची."

भाई वाडगा तसाच हातात धरून परत गेले.

थोड्या वेळाने समोरच्या पायरीवरून विळीचा आवाज आला. भाई मांडी घालून कांदा चिरत होते. जाड, वेडावाकडा. आगळ ओतलं, झाकण ठेवलं. मग वर न बघताच मला विचारलं, "आता किती वेळ ठेवायचा?"

"पनवेलहून यायला लागतो तेवढा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. वाडगा शेजारी ठेवला, आणि बोळाच्या तोंडाशी जिथे गाडी येऊन थांबायची, तिकडे बघत बसून राहिले.