जायला मोकळी

व्हर्डेल हचिन्स बावीस वर्षं ओहायोतल्या एका लहान गावात डायलिसिसच्या रुग्णांची व्हॅन चालवत होती. गुडघे कामातून गेले होते, जिभेची धार तेवढी शाबूत होती.

त्या मंगळवारी तिच्या नेहमीच्या रुग्णांपैकी रेनीआजोबांना दवाखान्यात न्यायचं होतं. वेळ हाताशी होता, म्हणून वाचनालयाच्या भिंतीकडे तोंड करून व्हॅन लावून दोघं मक्याचा पाव खात बसली. तेवढ्यात पोलिसांची गाडी आली आणि व्हॅनच्या मागे आडवी उभी राहिली. वरचे निळे दिवे फिरायला लागले.

"काही नाही मॅडम, सहज चौकशी," तरुण पोलीस म्हणाला. "लायसन्स बघू. आजोबांचंही ओळखपत्र द्या."

दोन्ही त्याने खिशात घातली.

"मी काय केलंय?"

"केलंय असं कुठं म्हणतोय मी?"

"मग निघते. यांचं मशीन अकराला लागतं."

"दोन मिनिटं हो."

दोन मिनिटांची चाळीस झाली. आजोबांना दम लागला. "पोरी, उलटून बोलू नकोस," ते पुटपुटले. "मला तुझ्या मयताला यायचं नाहीये."

तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. शेवटी त्याने तिची पर्स उपसली. आत बहिणीने गुडघ्यांसाठी दिलेल्या कडक वेदनाशामक गोळ्या होत्या. व्हर्डेलच्या नावाची डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती, आणि तिथे चिठ्ठीशिवाय अशा गोळ्या बाळगणं गुन्हा. बेड्या पडल्या. आजोबा दुपारी दवाखान्यात पोचले आणि तीन दिवस तिथेच राहिले. तिची नोकरी गेली.

"गुन्हा कबूल करा, थोडक्यात सुटाल," तिला सरकारकडून मिळालेली वकीलबाई म्हणाली.

"गोळ्या माझ्याकडे होत्या, कबूल. त्याने मला कोंडलं, ते कोण कबूल करणार?"

कोर्टात पोलीस शपथेवर म्हणाला, "आम्ही नुसतं बोलत होतो. त्या केव्हाही जाऊ शकत होत्या."

"कुठून जाऊ?" व्हर्डेल म्हणाली. "पुढे भिंत, मागे तू, कागद तुझ्या खिशात. चालत निघाले असते तर पाठीत गोळी घातली असतीस."

न्यायाधीशांनी निकाल दिला: गाडी आडवी लावून दिवे सुरू केले, त्या क्षणापासून दोघं अडकवलेली होती. अडकवायला कारण नव्हतं. म्हणून पुढे सापडलेलं काहीही पुरावा नाही. खटला रद्द.

वकीलबाईने तिला मिठी मारली. व्हर्डेल ताठ उभी राहिली. "आणि त्याचं काय?"

"त्याचं काही नाही."

तिच्या जागी कंपनीने दुसरा माणूस घेतला होता. तोच पोलीस तिच्याच गल्लीत गस्त घालत होता. तेव्हा नगरपरिषदेच्या सभेत ती काठी टेकत माइकपाशी गेली आणि प्रत्येक नागरिकाला मिळणारी तीन मिनिटं त्याचं नाव घेऊन बोलली. पुढच्या महिन्यातही गेली. अजून जाते.