मावसाजी आणि शिळं उत्तर

मावसाजी म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे मिशीतल्या मिशीत हसणारा, भाच्यांच्या हातावर चिवडा ठेवणारा कोणी गरीब माणूस आला असेल, तर त्याला आधी परत पाठवा. माझ्या मावशीचे यजमान तसे नव्हते. ते सकाळी ओरडले की सक्करदऱ्याच्या तलावावरचे बगळे उडायचे, आणि त्यांची नक्कल करून करून माझा घसा बसायचा. अख्ख्या नागपुरात शिळ्या उत्तराचा एवढा राग असलेला दुसरा माणूस झाला नाही. शिळी भाकर ते घरच्या गाईच्या दुधात चुरून मिटक्या मारत खायचे. पण कोणी न पाहता मघाचंच उत्तर पुन्हा तोंडावर फेकलं की त्यांचे कान लाल व्हायचे.

"नळ आला का गा?" असं त्यांनी विचारावं आणि मी गादीवरूनच "नाही" म्हणावं. "पाहून बोलला, का कालचंच बोलला बे?" आणि पांघरूण अंगणात. पुढे त्यांनी यावर इलाज काढला. प्रश्नाला दरवेळी नवीन शेपूट जोडायचं. "नळ आला का, अन् नळाखाली बादली कोणाची हाय?" आता बादली कोणाची, ते उठल्याशिवाय कसं सांगणार? एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीतला बाबू मान वर न करता "लागायची हाय" म्हणत राहिला आणि नरखेडची गाडी यांच्या डोळ्यांदेखत निघून गेली, तेव्हापासून तिथंही तेच. "गाडी लागली का, अन् डायवरले मिशा हायेत का?"

"मिशांचं काय करता, काका?" बाबू विचारायचा.

"मले काय कराचं हाय? तुमाले उठवाचं हाय."

मावशीच्या पोटाचं ऑपरेशन होतं त्या दिवशीची गोष्ट. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना फक्त संध्याकाळी सोडत, बाकी वेळ खाली खिडकीशी विचारायचं. खिडकीवरचा माणूस सकाळी एकदा वर जाऊन आला असेल नसेल, त्यानंतर येईल त्याला एकच ऐकवत होता, "बरं हाय, आराम करून राहिल्या." आमच्या पुढच्या माणसालाही तेच. त्याची बायको तर सुट्टी होऊन केव्हाच घरी गेली होती, तो बिचारा विसरलेला डबा मागायला आला होता.

मावसाजींचे कान लाल झाले. "तिले विचारून या, आज गाय कोण पिळन?"

"बरं हाय म्हटलं ना, काका."

"मले बरं हाय नाही पायजे. गाईचं पायजे."

तो कुरकुरत दाराआड गेला आणि लगेच परत आला. "म्हणाल्या, तुमाले ठीक वाटन तसं करा."

मावसाजी पांढरे पडले. "लगन झाल्यापासून तिनं मले ठीक वाटन तसं करू देल्लं नाही. तू वर गेलाच नाही." मग दोन्ही हातांनी गज धरून ते असे ओरडले की रांग मागे सरकली. "सकाळी ऑपरेशनले नेली तिले. आतापावेतो काय झालं, कोणी पाहिलं? काहून खोटं बोलून राहिला? ती हाय का नाही, एवढं तरी पाहून ये ना, बावा." शेवटच्या वाक्याला आवाज फाटला. मावसाजींच्या सगळ्या आवाजांची नक्कल मी करतो. त्या आवाजाची कधी केली नाही.

तो माणूस उठला आणि खरंच जिन्यानं वर गेला. मावसाजींनी गज सोडले नाहीत.

बऱ्याच वेळानं तो धापा टाकत उतरला. आता खिडकीत न जाता सरळ आमच्यापुढे येऊन उभा राहिला. "शुद्धीवर आल्या. ऐकून घ्या, मलेच झाडलं त्यांनी. म्हणाल्या, हा दवाखाना हाय का गुजरीचा बाजार, तुमचं बोंबलणं वरपर्यंत येऊन राहिलं, बाजूच्या बाईले झोप नाही. गाय शेजारीण पिळन, तुम्ही हात लावाचा नाही, ते लात मारते तुमाले. सकाळपासून पोट्ट्याले उपाशी ठेवलं असन, आधी त्याले खाऊ घाला."

मावसाजी तिथल्या बाकावर बसले. उपरण्यानं बराच वेळ तोंड पुसत राहिले.

"अजून एकदा सांग गा," ते म्हणाले.

त्या माणसानं गुजरीपासून पुन्हा सुरुवात केली. मावसाजी मान खाली घालून सगळ्या शिव्या ऐकत राहिले.