शमुवेलअण्णाला मी क्षमा केली

चाळीस वर्षं सरकारी कारकुनी केली, पण एका दुपारीत माणूस किती गाढवपणा करू शकतो हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. सांगतो. हसू नका, मला अजून राग येतो.

आमचं निपाणीतलं चर्च लहान. प्रभुभोजनाच्या रविवारी आम्ही आपापल्या बाकांवर बसून राहतो आणि मंडळीचे दोन पंच भाकरीचं ताट आणि द्राक्षरसाचे इवलेसे पेले घेऊन फिरतात. डाव्या बाजूला शमुवेलअण्णा, उजव्या बाजूला दुसरे पंच. मी नऊ वर्षं उजवीकडे बसलो. शमुवेलअण्णाच्या हातून मला पाणीसुद्धा घ्यायचं नव्हतं, प्रभूचा पेला तर लांबच.

का म्हणून काय विचारता? त्याआधी बारा वर्षं चर्चमध्ये शास्त्रपाठ मी वाचत होतो. स्वच्छ उच्चार, खणखणीत आवाज. एके दिवशी पाळकसाहेब म्हणाले, "आता तरुणांना संधी देऊ या." तरुण कोण, तर शमुवेलअण्णाचा थोरला जावई. डोक्यावर औषधाला केस नाही. मग हे कारस्थान कुणाचं, हे ओळखायला काय चौकशी आयोग नेमायचा?

पण यंदा उजवीकडचे पंच मुलाकडे लोंढ्याला राहायला गेले. आता दोन्ही बाजूंना एकटा शमुवेलअण्णा. त्यातच नवे पाळकसाहेब शनिवारी सकाळी तयारीच्या उपासनेत म्हणाले, "मनात अढी ठेवून कुणी उद्या प्रभुभोजनाच्या मेजावर येऊ नये. आधी त्या माणसाच्या घरी जाऊन या." बोलताना ते माझ्याकडेच बघत होते. म्हणजे एक तर क्षमा करा, नाहीतर सगळ्या मंडळीदेखत पेल्याशिवाय बसा. ठीक आहे. मी क्षमा करायचं ठरवलं. रागानंच ठरवलं.

दुपारी बायकोला, म्हणजे मार्थाला, बरोबर घेतलं. अशा कामाला साक्षीदार असलेला बरा. शमुवेलअण्णा, तंबाखूच्या वखारीतला जुना मुकादम, अंगणात खाटेवर बसून शेंगा फोडत होता.

"या, या. वयनी, बसा. दानिएला, लई दिसांनी वाट चुकलास रं."

"मी बसायला आलो नाही. अण्णा, मी तुम्हाला क्षमा केली."

त्यानं एक शेंग फोडली. "बरं झालं. कशाची?"

"ते तुम्हाला माहीत आहे."

"न्हाय बा. पर केलीस न्हवं? मग ऱ्हाऊ दे. शेंगा खा."

अर्ज न करता मंजुरी मिळाली की माणसाला तिची किंमत राहत नाही, ती अशी. मी म्हटलं, "असं चालणार नाही. आधी तुम्ही अपराध कबूल करायचा, मग मी क्षमा करायची."

अण्णा विचारात पडला. "तुझी काळी छत्री व्हय? ती माझ्याकडंच हाय."

"छत्री तुमच्याकडे आहे?" त्या छत्रीपायी मी कचेरीतल्या शिपायाशी दोन महिने बोललो नव्हतो.

"छत्री न्हवं? मग तुझ्या पोराच्या लग्नातलं मटण. खारट झालंय म्हणून गावभर मीच सांगितलंतं."

"ते तुम्ही?"

"खारटच हुतं की. तेबी न्हवं? मग आता तूच सांग बाबा, माझं संपलं."

माझं डोकं तापलं. एका गुन्ह्याची क्षमा करायला गेलो तर आणखी दोन अंगावर आले. "शास्त्रपाठ," मी ओरडलो. "पाळकांच्या कानाला लागून तुम्ही माझं वाचन बंद केलंत."

"मी? आरं, माझा जावई वाचताना चळाचळा कापतोय. त्याला कशाला मी उभा करीन?"

तेवढ्यात मार्था पदर सावरत म्हणाली, "अहो, ते मी सांगितलं होतं."

"काय?"

"जुन्या पाळकसाहेबांना. तुम्ही शास्त्र परिपत्रकासारखं वाचायचा. त्या रविवारी तर 'सदर आंधळ्यास दृष्टी आली' म्हणालात. पुढच्या बाकावरच्या बायका तोंडात पदर कोंबून बसल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

"आणि नऊ वर्षं गप्प राहिलीस?"

"तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही निकाल देऊन मोकळे झाला होता."

इथं शहाणा माणूस चहा पिऊन उठला असता. पण रागात मला स्वतःची बाजू मांडायची खोड आहे. मी म्हणालो, "म्हणजे तुमच्या धाकटीच्या दाखल्याला मी तीन वेळा हरकत घेतली, ती फुकटच?"

मार्था माझ्याकडे बघतच राहिली. तिला हे ठाऊक नव्हतं.

वाचन सुटलं त्याच वर्षी अण्णा धाकट्या मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी दाखला मागायला कचेरीत आला होता, दुखऱ्या गुडघ्यानं जिना चढून. मी एकदा सही अस्पष्ट म्हणून परत पाठवला. एकदा अर्ज कन्नडऐवजी मराठीत आहे म्हणून. तिसऱ्यांदा काही सुचेना, तेव्हा नुसतं "नाळे बर्री" म्हणालो. म्हणजे कन्नडमध्ये 'उद्या या'. एका गल्लीत वाढलेल्या मित्राला मराठीतून तेवढं म्हणायचं धाडस झालं नाही.

"अण्णा," मी म्हणालो, "त्या हरकती खोट्या होत्या. मी मुद्दाम केलं. मला..." पुढचा शब्द तोंडातून निघेना. दुसऱ्यांच्या अर्जांत हजार वेळा वाचलेला शब्द.

अण्णानं हातावरची टरफलं फुंकली. "म्हाईत हाय की. तिसऱ्या बारीला तू माझ्या तोंडाकडं न बघता बोललास, तवाच कळलं. लई राग आल्ता. घरी येऊन बायकूला म्हटलं, त्या दानिएलाचं टकुरंच फोडतो. मग त्याच सांजला प्रार्थनेत सोडून दिलं. चौथ्या खेपंला दाखला मिळालाच की."

"सोडून दिलं म्हणजे?"

"माफ केलं रं. किती वजं वागवायचं? गुडघं आधीच दुखत्यात."

रविवारी अण्णा ताट घेऊन माझ्यापुढे थांबला. मी पेला घेतला.

घरी परतताना मार्थानं विचारलं, "आता तरी राग गेला का?"

"कसा जाईल? त्या माणसानं मला नऊ वर्षांपूर्वी क्षमा केली आणि लेखी सोड, तोंडीसुद्धा कळवलं नाही."