आईचं मशीन

शिवणयंत्राच्या तेलाचा वास आला, की मला फाळणीनंतरचं नगर आठवतं. शहराबाहेरच्या धुळकट बराकींत सिंधी निर्वासित येऊन राहिले होते. त्यांच्या बायकांसाठी आमच्या मिशनच्या बायकांनी शिवणवर्ग काढला, शहरातल्या महिला मंडळानं कापड पुरवलं, आणि एरवी एकमेकींच्या घरचं पाणीही न पिणाऱ्या त्या बायका चर्चच्या ओसरीवर एकाच सतरंजीवर बसून काज-बटण शिकवू लागल्या. माझी आई मशीनवर शिकवायची. माझ्याच वयाची एक सिंधी मुलगी तिला चिकटून असे. तिची आई वाटेतच वारली होती. मला मशीनला हात लावू न देणारी आई तिचा हात धरून टीप घालायला शिकवी, तेव्हा माझा नुसता जळफळाट व्हायचा. वर्ग संपल्यावर मिशन आणि मंडळानं मिळून त्या सिंधी बायकांना शिवणाचं दुकान थाटून द्यायचं ठरवलं. एक मशीन कमी पडलं. आई म्हणाली, "आमच्या घरचं घ्या की." मशीन टांग्यात चढताना मी रडत ओरडले, "ते माझं आहे!" ती मुलगी थबकली आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "मशीन मला. आई तुला." टांगा निघून गेला. ते दुकान आता तीच चालवते; परवा नातीचं परकर-पोलकं तिथूनच शिवून आलं. उलटं करून पाहिलं, तर टीप हुबेहूब आईची. मला ती कधीच जमली नाही, आणि या वयातही पोटात दुखलं.