दुष्काळाच्या सिनेमातला पाऊस

दोना लेओकादियानं साओ जोझेची मूर्ती दोनदा पळवली. पहिल्यांदा पावसासाठी, दुसऱ्यांदा सिनेमासाठी. दोन्ही वेळा चोर कोण ते सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि दोन्ही वेळा सगळं गाव आभाळाकडे बघत उभं होतं.

रीतच आहे आमची. साओ जोझे हा पावसाचा संत. पाऊस लांबला की कुणीतरी त्याला चर्चमधून पळवायचं. परक्या घरात त्याला करमत नाही, मग तो ढग धाडतो. पाऊस झाला की वाजतगाजत परत आणायचा. चोर कोण हे विचारायचं नाही. विचारलं की सगळं फुकट.

आमच्या तरुणपणी राजधानीतून एक दिग्दर्शक दुष्काळावर सिनेमा काढायला आला. 'तहानेची सात वर्षं' हे नाव. नट म्हणून त्यानं गावकऱ्यांनाच उभं केलं. पहिल्या दिवशी संताची मिरवणूक टिपली. "रडा," म्हणाला. त्या वर्षी ते शिकवावं लागत नव्हतं. पण खरा संत बाहेर काढून खोटी प्रार्थना करायची, हे काही लेओकादियाला पटेना. मागायचा तर खराच पाऊस, म्हणून जेवणाच्या सुट्टीत तिनं मूर्ती शालीत गुंडाळली आणि नेऊन ठेवली कोंबड्यांच्या खुराड्यात. दुसऱ्या दिवशी रिकामीच पालखी निघाली आणि अर्ध्या वाटेत धो धो पाऊस.

पुन्हा टिपायला दिग्दर्शकाकडे पैसे नव्हते. जे होतं ते त्यानं तसंच जोडलं. म्हणून सिनेमात संत आहे, मग नाही, मग सगळे चिंब. पेपरवाल्यांनी लिहिलं, 'दुष्काळावरच्या या सिनेमात भरपूर असं एकच आहे, पाणी.' आठवडाभरात उतरला.

सिनेमा वाईट आहे, मला मान्य. विहिरीवरच्या नायिकेच्या पायात उंच टाचांचे बूट दिसतात. मेलेली गाय शेपटी हलवते. पण त्या लिहिणाऱ्यांपैकी कुणी जन्मात पावसाची वाट पाहिली होती? पाऊस आल्यावर आमची माणसं कशी दिसतात, हे दुसऱ्या कुठल्या सिनेमात असेल तर दाखवा मला. त्यात लेओकादियाचा नवरा आंसेल्मो टोपी उलटी धरून पाणी साठवतो आणि थेट कॅमेऱ्यात बघून हसतो. त्याचं तेवढंच हसणं तिच्याकडे उरलंय. पुढे तो दक्षिणेला बांधकामावर गेला आणि तिकडेच वारला. निदान घरात तसं सांगतात. मी वेगळं ऐकलंय, पण ते दोनासमोर काढू नका. बाईला मानानं 'दोना' म्हणतो आम्ही, आणि ही तर सगळ्या गावाची दोना.

दरवर्षी संताच्या सणाला चर्चच्या भिंतीवर हाच सिनेमा लागतो. यंदा राजधानीहून डॉक्टर एव्हान्द्रो आले. शर्टाला इस्त्री असली की आमच्याकडे डॉक्टरच. सिनेमा धुऊनपुसून नवा करून आणला होता. गावची जुनी प्रत राजधानीला न्यायची म्हणून त्यांनी गाडीत ठेवली आणि दोनाकडे जेवायला बसले.

"सगळ्या चुका काढल्यात, दोना. पावसाचा भागच उडवला. आता कसा खरा दुष्काळ वाटतो."

"आणि आंसेल्मो?"

"कोण?"

"टोपीवाला."

"हां, तो कॅमेऱ्यात बघणारा. त्याला तर सगळ्यात आधी काढला."

दोनानं त्यांच्या ताटात बकऱ्याचं मटण वाढलं. "खा, डॉक्टर. सुकलेले दिसता. दुष्काळ शोभतो तुम्हाला."

ती आग्रह करून वाढायला लागली की मी आपला दाराजवळ सरकतो.

सणाच्या सकाळी पालखी रिकामी. संत नाही तर मिरवणूक नाही, मिरवणूक नाही तर सण नाही, आणि सण नाही तर सिनेमा कसला? मी चर्चच्या पायरीवर बसलो होतो. डॉक्टर घाम पुसत आले.

"मूर्ती कुणी नेली?"

"असं विचारत नाहीत आमच्यात."

"मग परत कधी येणार?"

"पाऊस पडला की."

"आभाळात ढग नाही एक."

"आभाळातला कोण मागतंय, डॉक्टर? तुमच्या गाडीत डब्यात बंद आहे तो."

"अहो, लोक हसतील."

"इतकी वर्षं हसतायत. आमचं काय वाकडं झालं?"

सूर्य कलल्यावर जुनी प्रत लागली. शेपटी हलली, पोरं खिदळली. बूट दिसले, शिट्ट्या पडल्या. आंसेल्मोनं टोपी उलटी केली तशी दोना उठून उभी राहिली. मागच्यांना काही दिसेना, पण "बसा" कुणी म्हणालं नाही. तो हसून झाल्यावर ती घरी गेली आणि संताला कडेवर घेऊन आली.

डॉक्टरांना अजून राहवेना. "तरी सांगतो दोना, तो भाग चुकलेलाच आहे."

"आहेच," दोना म्हणाली. तिनं संताच्या खांद्यावरचं कोंबडीचं पीस झटकलं आणि त्याला पालखीत बसवलं. "पुढच्या वर्षीही चुकलेलाच लावायचा."