मागच्या ब्रेकवरचा पाय

त्या सकाळी घरात मी व्हते, लेक महादेवी व्हती, जावई शिवराज व्हते, आन् दारात पंक्चरवाले रहीमभाई उभे व्हते. एवढेच. हे गेले तवा कुणी ओरडलं न्हाई. महादेवीनं चादर वर वढली, रहीमभाईंनी भिताडाकडं तोंड केलं. हे म्हंजे माझे मालक. भालकीत उदगीरच्या रस्त्याला फटफट्या दुरुस्त करणारे मिस्त्री. नाव घ्यायची मला सवय न्हाई. दीड महिना झाला आता. नात म्हणली, आज्जी, तू सांग, मी लिहिते. म्हून सांगायलेय.

आमची सवताची एक जुनी फटफटी व्हती. कुणीतरी टाकून दिलेली, ह्येंनी उभी केलेली. तिचा मागचा ब्रेक टिकंना. मागच्या चाकात एक ड्रम असतंय, त्यात दोन अर्धगोल तुकडे, त्येंच्यावर लायनर चिकटवलेलं. पायानं दाबलं की लायनर ड्रमाला घासतंय आन् चाक थांबतंय. दुसऱ्याच्या गाडीला वर्ष वर्ष जाणारं लायनर आमच्या गाडीला महिन्यात झिजून पत्रा लागायचा. हे म्हणायचे, काळ्या रानातला चिखल आत जायलाय. ड्रम धुतला, स्प्रिंग बदलली, लायनर बिदरहून आणलं. तरी तेच. मिस्त्रीच्या घरचीच गाडी थांबंना म्हून लोकं हासायचे.

एकदा माझ्या माहेराला, ठाणाकुशनूरला जायलो व्हतो. मी मागं एका बाजूनं बसलेली. वाटंत जळका वास यायला लागला. मी म्हणलं, कुणी रान पेटवलंय का? रान तर हिरवंगार. वाकून खाली बघितलं, तर ह्येंचा उजवा पाय ब्रेकवर दाबून बसलेला. चढ व्हता तरी.

"अवं, पाय काढा की ब्रेकवरचा."

"कुठाय ब्रेकवर? काय बी बोलायलीस."

"खाली बघा तरी."

ह्येंनी बघितलं. गाडी बंद केली, उतरले. चप्पल वाटंतच मागं कुठंतरी पडली व्हती, ते बी कळलं नव्हतं. बांधाला बसले आन् हातानं पाय दाबू दाबू बघायले, जसं दुसऱ्याचाच पाय हाय... मी पार मागं चालत जाऊन चप्पल घेऊन आले.

बिदरच्या डॉक्टरनं सांगितलं, रगतात साखर हाय, पायाला समज राहिली न्हाई. पर गावात बधीर पाय म्हणलं की लोकं दुसऱ्याच रोगाचं, महारोगाचं नाव घ्यायचे. तसल्या माणसाच्या हातचं पाणी पीत नव्हते, गाडी कोण देणार? आन् ज्याला पाय कळत न्हाई त्येनं लोकांचे ब्रेक कसे बसवावे? दुकान गेलं तर आमी जावं कुठं? बसमधी येताना हे एवढंच म्हणले, "आता ट्रायलला तू मागं बसत जा."

तवापासनं दुरुस्त झालेल्या हरेक गाडीवर मी बसले. पदर खोचून, एक हात ह्येंच्या खांद्यावर. ह्येंचा पाय फुकट ब्रेकवर टेकला की मी खांदा दाबायचे. उतारावर ब्रेक लागला की हळूच म्हणायचे, लागला. कमी लागला तर, अजून. माझ्या अंगाला गाडीचा झटका कळायचा, ह्येंच्या पायाला कळत नव्हता. बाजारातली माणसं म्हणायची, मिस्त्रीला बायको सोडून करमत न्हाई, लोकाच्या पेट्रोलवर फिरवायलाय. बायका तर तोंडावर हासायच्या, "काय वं अक्का, आज कुणाच्या गाडीवर?" मी म्हणायचे, "तुझ्या दादल्याच्या. जळायलीस का?"

एकदा कारखान्याकडचा एक मोठा माणूस आला. म्हणला, "बाईला बाजूला करा मिस्त्री. गाडी माझी हाय, मागं मी बसतो. ब्रेक कसा लागतो ते माझं मलाच बघू द्या." हे हँडल धरून उभे. तोंडावरचं रक्त उतरलेलं. तवर शेजारून रहीमभाई टायर सोडून आले.

"ओ साहब, ऐसा नै करते. इस दुकान की रीत है, पैली सवारी भाबी की. उनके बगैर गाडी निकली तो मिस्त्री मेरेकू खा जाता."

"असली कसली रीत?"

"बरकत की बात है साहब. तुम भी घर में पूछ के देखो, भाबी के बगैर कुछ चलता क्या?"

तो माणूस हासला. सरकला बाजूला. मी बसले.

परत आल्यावर मी रहीमभाईंकडं बघितलं. ते मान खाली घालून ट्यूब घासायले. पायाचं कवा वळखलं त्येंनी, कुणाला ठावं. कधी इचारलं न्हाई, कधी सांगितलं न्हाई. पर ती रीत गावभर झाली. पुढं लोकं आपणहून म्हणायचे, अक्काला बोलवा, ट्रायल घ्यायचीय. असं करत आमचं दुकान चाललं, महादेवीचं लगीन झालं.

गाडीचा ब्रेक जपला. पाय न्हाई जपता आला. एक दिवस तापलेल्या सायलेन्सरला पाऊल चिकटलं. ह्येंला कळलं न्हाई. मग कळलं तर फडकं गुंडाळून मोजा घातला. मी इचारलं, तर म्हणले, "तेल सांडलंय, दुसरं काय न्हाई." पाऊल दाखवायला लाजायचे. वास आला तवा दवाखान्यात नेलं. उशीर झाला व्हता, इख अंगात चढलेलं; डॉक्टरनं घरीच न्या म्हणलं.

आता घरात मी एकलीच हाय. भाकर एकाची करायला जमत न्हाई, उरतीय. रस्त्यानं फटफटी गेली की हात वर उचलतोय, खांदा धरायला... मग खाली घेते. शिवराज म्हणतेत आमच्याकडं चला. बघू.

जे कोणी हे वाचायलेत, त्येंला एकच सांगणं हाय. तुमच्या घरात साखरेचं माणूस असंल, तर रोज दिवेलागणीला त्येचे तळपाय सवता धुवा, उजेडात धरून बघा. इचारू नका. ते आपलं 'काय न्हाई' असंच म्हणतंय. तुमी बघा.