हिरव्या रंगाखालचा वाडा

"पुसून घे ते," सर म्हणाले.

गोव्यात, पेडण्यातल्या एका सभागृहात आमच्या ऑफिसनं नव्या वस्तीचा नमुना टेबलावर मांडला होता. खाली दुकानं, वर घरं, छपरांवर सोलर, मधोमध पावसाचं पाणी मुरवणारी बाग. लोकांच्या हरकती ऐकायची बैठक. एक बाई पुढे आली आणि तिनं त्या बागेवर बोट ठेवलं. सरांचा चेहरा घाण वास आल्यासारखा झाला.

"हात काढा. या सूप-टोपलीवाल्यांना पुढे कोणी सोडलं?"

मग माझ्याकडे वळून, पुसून घे.

मी ओलं फडकं आणलं. बोट लागलेली जागा पुसली.

ती बाई माझी आई.

त्या ऑफिसात मी नकाशे काढायचे. म्हापशाला राहते म्हणून सांगितलं होतं. खोटं. राहायचे पेडण्यातच, बाजारामागच्या वाड्यात. अकरा घरांची वस्ती. बांबू चिरून सुपं विणणारी माणसं. गावातल्या लग्नाला सूप आमचंच लागतं, पण ते द्यायला गेलेली आई पायरीखाली उभी राहायची. मी तिचा पदर धरून. म्हणून कोणी आडनाव विचारलं की मी विषय बदलायचे.

वाडा नकाशातून काढला तोही मीच. "त्या झोपड्या दाखवू नकोस, हिरवं टाक," सर म्हणाले होते. आमचं घर पक्कं, चिऱ्यांचं. आईनं डोक्यावरून चिरे वाहिलेत. मी हिरवं टाकलं. हिरव्याची कुठली छटा उठून दिसेल, एवढंच बघितलं. सरांना छटा आवडली. मला बरं वाटलं. हे लिहितानाही मान वर होत नाही.

बैठकीत आईनं ओळख दाखवली नाही. नमुन्यात आपलं घर शोधत, परक्या मुलीला विचारावं तसं विचारलं, "बाय, आमचें घर खंय हांगा?"

मी फडक्याची घडी घालत राहिले. ती मागच्या रांगेत जाऊन बसली.

संध्याकाळी तिनं मला वाढलं. ताटाकडे बघत म्हणाली, "तूं माझी म्हणान त्या सायबाक सांगू नको. नोकरी जायत."

शिवी दिली असती तर सोसली असती. सरांनी तिला हाकललं होतं. माझी आई असल्याची चोरी तिला मी शिकवली होती.

पुढच्या सोमवारी सरांनी अहवाल पुढे केला. 'सदर जागेत वस्ती नाही.' खाली माझी सही हवी होती.

"सर, तिथं अकरा घरं आहेत. तिसरं माझं."

ते हसले. "तुझं? तशी दिसत नाहीस."

हेच ऐकायला इतकी वर्षं धडपडले होते. आता ते थुंकीसारखं अंगावर पडलं.

"अशीच दिसतात आमची माणसं. आणि तुम्ही हात काढायला लावलात, ती माझी आई."

सही केली नाही. दुपारपर्यंत नोकरी गेली. सही त्यांनी दुसऱ्या कोणाची घेतली. नकाशात आम्ही अजून बागच आहोत.

आई आणि मी एकमेकींच्या डोळ्यांत बघत नाही. माफी मागितलेली नाही. मागून सुटायचा हक्क मला नाही.

टेप घेऊन वाडा मोजते आहे. विहीर, बांबू भिजवायचा खड्डा, प्रत्येक उंबरा कागदावर येतोय. घरं ठेवून बाग कुठं सरकेल, तेही. हरकतीवर पहिली सही माझी, आडनावासकट. पुढच्या बैठकीत मीच बोलणार आहे. खाली बस म्हणाले, तरी बसणार नाही.